शंभर मोहरांत नवा पेशा

शंभर मोहरा मोजल्या की माणसाचा पेशा बदलतो. पुजारी असेल तर चोर होतो, चोर असेल तर शाहीर होतो, आणि जन्मभर पोथ्यांत डोके घालून बसलेला मांत्रिक दुसऱ्या क्षणी खांद्यावर कुऱ्हाड टाकून उभा राहतो. अर्ज नाही, दाखले नाहीत, मागील परीक्षेच्या गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत नाही. ही सोय आपल्या कोणत्याही विद्यापीठात नाही हे सांगायला नकोच. ती आहे 'बाल्डर्स गेट ३' नावाच्या संगणकावरील खेळात, आणि ती पुरवणारा गृहस्थ म्हणजे हाडांचा एक सापळा आहे.

ज्या वाचकांच्या घरी वीस-बावीस वर्षांचे कोणी आहे, त्यांच्या कानांवर हे नाव आले असेल. बाकीच्यांसाठी थोडे सविस्तर सांगतो. बेल्जियममधील गेंट या गावी 'लॅरियन' नावाची एक कंपनी आहे. तिने ऑगस्ट २०२३ मध्ये हा खेळ बाजारात आणला आणि त्या वर्षीची बहुतेक मानाची पारितोषिके त्याने पटकावली. खेळ कसला, ती एक अद्भुतरम्य कादंबरीच आहे. फरक एवढाच, की तिची पाने आपण उलटत नाही, आपण तीत चालतो. आपण म्हणजे नायक किंवा नायिका. बरोबर एका वेळी तीन सोबती घ्यायचे, उरलेले मुक्कामावर शेकोटीपाशी बसून राहतात. प्रत्येक सोबत्याला नाव आहे, गाव आहे, घराणे आहे, लपवून ठेवलेले एक दुःख आहे. आणि प्रत्येकाचा एक पेशा आहे.

इंग्रजीत त्याला 'क्लास' म्हणतात. मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाला पडणे साहजिकच होते. 'वर्ग' म्हटले की हजेरीपट आठवतो. 'वर्ण' म्हटले की भलतेच मोहोळ उठते. 'पेशा' हा शब्द मला बरा वाटला. आला फारसीतून, पण आता आपलाच झालेला. पेशात कसब आले, पोट आले, थोडा अभिमानही आला; आणि मुख्य म्हणजे पेशा सोडता येतो. या खेळात असे पेशे मोजून बारा आहेत. बारा हा आकडा ऐकताच मला बारा बलुतेदार आठवल्यावाचून राहिले नाहीत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ सालच्या पुस्तकात ज्यांची हकीकत येते ते. तेथे सुताराचा मुलगा सुतार आणि कुंभाराचा मुलगा कुंभार. शंभर काय, हजार मोहरा मोजल्या असत्या तरी गावाने त्यांना दुसरा पेशा दिला नसता. बेल्जियमच्या मंडळींना यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यांनी आपले बारा पेशे एका अमेरिकी खेळातून उचलले आहेत. त्या खेळाकडे पुढे येतोच.

या बारांत नुसते मांत्रिकच तीन तऱ्हेचे आहेत. पहिला पोथीवाला. त्याने वर्षानुवर्षे घोकून विद्या मिळवलेली असते. दुसरा जन्मजात. त्याच्या रक्तातच ती उतरलेली असते, बिचाऱ्याला घोकावे लागत नाही. तिसरा करारबद्ध. त्याने एखाद्या बलाढ्य शक्तीशी, बहुधा सैतानाशी, करार करून ती उसनी आणलेली असते. अभ्यास, वारसा आणि कर्ज! विद्या मिळवण्याच्या वाटांचे इतके नेमके वर्गीकरण मला शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतही आढळले नव्हते. प्राध्यापकांच्या खोलीत बसून आपल्या सहकाऱ्यांची या तीन खणांत वाटणी करण्याचा मोह मात्र मी आवरतो.

हे सारे मला कळले ते आमच्या भाच्यामुळे. तो ताईचा धाकटा मुलगा; गेली दोन वर्षे आमच्याकडे पुण्याला राहून मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकतो आहे. शिकतो आहे असे म्हणण्याची रीत म्हणून म्हणतो. गेल्या उन्हाळ्यापासून त्याच्या मनात ते सोडून इतिहास घेऊन बी. ए. ला बसावे असे घोळते आहे. हे त्याने आपल्या आईला सांगितले, आईने मला सांगितले, आणि "तू मराठीचा असलास तरी प्राध्यापक आहेस, तूच त्याच्याशी बोल" असा हुकूम सोडला. वीस वर्षांच्या मुलाशी समोरासमोर बसून बोलणे अवघड; त्यापेक्षा त्याच्या शेजारी बसून तो पाहतो आहे ते पाहणे सोपे. म्हणून रात्रीची जेवणे आटोपली की मी त्याच्या खोलीत खुर्ची टाकून बसू लागलो. सौ. म्हणाली, "निदान दोघांपैकी एकाने तरी लवकर झोपावे." पण त्या सापळ्याने मला धरून ठेवले.

सापळ्याचे नाव विदर्स. खेळाच्या प्रारंभीच एका पडक्या देवळाच्या तळघरात तो शवपेटीतून उठतो. अंगावर जुनाट भरजरी वस्त्रे, बोलणे सावकाश, जुन्या वळणाचे. एका मर्त्य माणसाच्या जीविताचे मोल काय, असा प्रश्न तो आपल्याला घालतो आणि उत्तर काहीही मिळाले तरी समाधान पावल्यासारखा दिसतो. मग तो आपल्या मुक्कामावर येऊन राहतो. तळघरात आपण गेलोच नाही तरी तो आपला आपण चालत येतो. अशा गृहस्थांना आमंत्रण लागत नाही. त्याचे दर ठरलेले आहेत. मेलेला सोबती उठवायचा असेल तर दोनशे मोहरा. जिवंत सोबत्याचा पेशा बदलायचा असेल तर शंभर. म्हणजे माणसाला नवा जन्म देण्यापेक्षा नवा पेशा देणे निम्म्याने स्वस्त. आमच्या भाच्याने तर ते फुकटातच बसवले होते. पैसे मोजायचे, काम करून घ्यायचे, आणि मग चोर पेशाच्या सोबत्याला पाठीमागून पाठवून सापळ्याच्या कनवटीच्या मोहरा परत काढून घ्यायच्या. मी भुवया उंचावल्या तेव्हा तो म्हणाला, "मामा, ही चोरी नाही. हा परतावा."

आता पेशा बदलतो म्हणजे नक्की काय होते ते सांगतो, कारण गंमत त्यातच आहे. सोबती पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. त्याच्या बळाचे, चपळाईचे, बुद्धीचे आकडे पुन्हा मांडता येतात. जुने मंत्र, जुने डावपेच पुसले जातात. परंतु गाठीचा अनुभव जसाच्या तसा राहतो, आणि त्याच्या जोरावर दोन मिनिटांत सगळ्या पायऱ्या पुन्हा चढून पहिल्या उंचीवर पोहोचता येते; फक्त जिना निराळा. बारावी पायरी ही शेवटची. बदलत नाही ते असे: कूळ, चेहरा, पूर्वायुष्य. आणि बदलत नाही त्याचे बोलणे.

वायल नावाचा एक सोबती आहे. बाल्डर्स गेट हे त्या कल्पित जगातले मोठे बंदर. तेथील ड्यूकचा हा मुलगा. सतराव्या वर्षी, शहरावर संकट आले असता, ते वाचवण्यासाठी त्याने मिझोरा नावाच्या सैतानिणीशी करार केला. शहर वाचले, बापाने कारण न ऐकता मुलाला घराबाहेर काढले. असा हा करारबद्ध मांत्रिक. त्याला विदर्सपुढे उभा केला आणि पोथीवाला मांत्रिक किंवा साधा तलवारबहाद्दर केला, तर त्या करारातून मिळालेले मंत्र जातात. करार मात्र जात नाही. मिझोरा वेळ आली की येतेच, हक्काने येते, आणि वायल तिच्यापुढे पूर्वीसारखाच मान खाली घालतो. वॉटरडीपचा गेल हा पोथीवाला पंडित. विद्येच्या देवीचा लाडका होता. अधिक विद्येच्या हव्यासाने छातीत एक जळता गोळा घेऊन बसला. भाच्याने एका रात्री त्याला गंमत म्हणून रांगडा कुऱ्हाडवाला केले. मग तो उघड्या दंडांनी शत्रूवर धावून जाई, आणि संध्याकाळी शेकोटीपाशी पुन्हा आपली देवी, आपली ग्रंथशाळा आणि आपले मांजर यांविषयी शुद्ध पंडिती भाषेत बोलत बसे. (मांजराला पंख आहेत, पण त्याचा येथे संबंध नाही.)

भाचा हसून लोटपोट झाला. मला हसू कमी आले. आमच्या महाविद्यालयात गेल्या काही वर्षांत मराठी घेणारी मुले रोडावली. तासिका कमी पडल्या, म्हणजे प्राध्यापकाचे पद धोक्यात येते. तेव्हा तासिका भरून काढण्यासाठी मला पर्यावरण हा विषय शिकवायला दिला गेला. शंभर मोहरासुद्धा कोणाला पडल्या नाहीत, वेळापत्रकात एक ओळ खोडून दुसरी लिहिली एवढेच. मी तो विषय इमाने शिकवतो. परंतु ओझोनच्या थरावरील उत्तरपत्रिका तपासताना माझी तांबडी पेन्सिल ऱ्हस्व-दीर्घावरच थांबते, आणि वनसंवर्धनाच्या तासाला तुकोबा आल्यावाचून राहत नाहीत. मुलांनी मला ठेवलेले नाव मला ठाऊक आहे. ते येथे छापण्याजोगे असले तरी मी छापणार नाही. गेल शेकोटीपाशी बोलू लागला की मला त्याचे सारे कळते.

या खेळावर एक आक्षेप घेता येण्यासारखा आहे, आणि तो मी घेतलाही. सोबत्याचा पेशा बदलताना सोबत्याला कोणी विचारत नाही. मोहरा आपल्या, सापळा आपल्या मुक्कामावरचा, निर्णय आपला. ज्याचे सगळे कसब पुसले जाते तो समोर उभा असतो, आणि त्यानंतर त्या विषयी चकार शब्द काढत नाही.

हा वाद आमच्या खोलीत झाला तो शॅडोहार्टवरून. ही अर्धवंशी युवती, शार नावाच्या अंधाराच्या आणि विस्मृतीच्या देवीची पुजारीण. पंथासाठी तिने स्वतःच्या आठवणी पुसून घेतलेल्या. खेळकर्त्यांनी तिला पुजाऱ्यांतली 'छळकपटा'ची शाखा दिली आहे. तिच्या देवीला ती शोभते, पण लढाईत तिचा उपयोग बेताचाच. म्हणून जाणते खेळाडू तिला पहिल्याच दिवशी विदर्सकडे नेतात आणि 'प्रकाशा'ची किंवा 'जीवना'ची शाखा देतात. भाच्यानेही तेच केले. अंधाराच्या देवीला हात जोडणारी ही मुलगी दुसऱ्या मिनिटाला तेजाचे लोट फेकू लागली.

मी म्हटले, "अरे, तिला हे पटले आहे का?"

"मामा, ती प्रोग्रॅम आहे."

"मग तिच्या देवीला?"

"देवीपण प्रोग्रॅमच आहे. तू जरा पुढे बघ."

पुढे पाहिले ते सांगितलेच पाहिजे, आणि ज्यांना खेळ खेळायचा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. कथेच्या मध्यावर शॅडोहार्टच्या हाती एक भाला येतो आणि समोर एक बंदिनी असते. तिला मारले तर शॅडोहार्ट आपल्या पंथातली सर्वश्रेष्ठ होणार. सोडले तर पंथ, देवी, आतापर्यंतचे सारे आयुष्य सुटणार. येथे विदर्स कामाचा नाही. आपण तिला उपदेश करू शकतो, दटावू शकतो. पण तिच्याशी आधीपासून सलोखा राखला असेल, तिचे ऐकून घेतले असेल, तर त्या घटकेला निर्णय तिच्यावर सोपवून बाजूला उभे राहणेही पुरते. ती आपण होऊन भाला टाकून देते. काही दिवसांनी तिचे काळे केस रुपेरी झालेले दिसतात, आणि ती ज्या चंद्रदेवीचा द्वेष करायला शिकली होती तिच्याकडे वळते. खेळकर्त्यांची खुबी अशी की एवढे सारे होऊनही तिची जुनी शाखा आपोआप बदलत नाही. श्रद्धा पालटली, हाताची सवय तीच राहिली. ती पालटायची तर पुन्हा शंभर मोहरा घेऊन सापळ्याकडेच जावे लागते. मन बदलणे आणि कसब बदलणे या दोन निराळ्या खिडक्या आहेत, आणि त्या एकाच वेळी उघडतात असे नाही. हे मी भाच्याला बोलून दाखवले नाही. तो त्या वेळी तिच्या रुपेरी केसांकडे पाहत गप्प बसला होता.

आता त्या अमेरिकी खेळाकडे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्याचे नाव. संगणकाशी त्याचा संबंध नव्हता. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती बसलेली चार-सहा मंडळी एवढ्यावर तो चाले. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावचे गॅरी गायगॅक्स आणि त्यांचे सहकारी डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये तीन लहान पुस्तिकांत छापला. पेशे तेव्हा तीनच: लढवय्या, मांत्रिक आणि पुजारी. चोर १९७५ साली पुरवणीतून आला; चोराने मागाहून येणे हे रीतीला धरूनच झाले. गायगॅक्स स्वतः विमा कंपनीत कामाला होते. १९७० मध्ये ती नोकरी सुटली, तेव्हा घराच्या तळघरात बसून ते जोडे दुरुस्त करीत आणि उरलेल्या वेळात खेळांचे नियम लिहीत. पेशा बदलण्याचे नियम ज्याने लिहिले तो ते काही हवेतून आणत नव्हता.

त्यांच्या १९७८ च्या नियमपुस्तकात पेशा बदलण्याची तरतूद आहे आणि ती सापळ्याच्या दरपत्रकासारखी दयाळू नाही. पहिली अट, ही मुभा फक्त मनुष्याला. यक्ष-बुटके यांना ती नाही, ते हवे तर प्रारंभापासूनच दोन पेशे एकत्र चालवतात. दुसरी अट पात्रतेची. अठरा हा सामान्य माणसाच्या गुणांचा कळस धरला, तर जुन्या पेशाला लागणारा गुण किमान पंधरा आणि नव्याला लागणारा किमान सतरा हवा. म्हणजे कंटाळा आला म्हणून सोडले असे चालत नाही. नव्यात जुन्याहून अधिक गती असली पाहिजे. तिसरी अट सर्वांत जाचक. नव्या पेशात पहिल्या पायरीपासून चढायला लागायचे, आणि नवी पायरी जुन्या पायरीच्या वर जाईपर्यंत जुने कसब वापरायचे नाही. हात शिवशिवले आणि वापरले, तर त्या मोहिमेतला अनुभव पदरात पडत नाही. एकदा का नवी पायरी जुनीच्या वर गेली, की जुनी विद्या जागी होते आणि मग दोन्ही हातांनी दोन्ही कामे करता येतात. मात्र जुना पेशा जेथे थांबला तेथे कायमचा थांबला. त्यात आणखी एक पायरीही पुढे चढता येत नाही.

हे नियम संगणकावर आणले ते कॅनडातील एडमंटनच्या 'बायोवेअर' कंपनीने. १९९८ मध्ये तिने पहिला 'बाल्डर्स गेट' काढला, २००० मध्ये दुसरा. ही कंपनी कोणी काढली? तिघा डॉक्टरांनी. रे मुझिका, ग्रेग झेश्चुक आणि ऑगस्टीन यिप हे वैद्यकीय पदव्या घेतलेले तरुण; त्यांनी १९९५ मध्ये ती स्थापन केली, आणि त्यांचे आरंभीचे काम वैद्यकीय शिक्षणाच्या संगणकीय साधनांचे होते. यिप काही काळाने वैद्यकीकडे परतले. उरलेले दोघे खेळांतच राहिले, २०१२ मध्ये त्यातूनही निवृत्त झाले, आणि झेश्चुक पुढे बिअर गाळण्याच्या धंद्यात पडले. स्टेथोस्कोप, राक्षस आणि बिअर असा हा प्रवास. त्यांच्या आयांनी काय म्हटले असेल याची मी अनेकदा कल्पना करून पाहिली आहे.

पहिल्या 'बाल्डर्स गेट'मध्ये इमोएन नावाची एक मुलगी आहे. कॅन्डलकीप या ग्रंथालयवजा किल्ल्यात ती नायकाबरोबर लहानाची मोठी झालेली. (त्या किल्ल्यात शिरायचे तर दुर्मिळ ग्रंथ भेट द्यावा लागतो, आमच्या ग्रंथपालांना ही कल्पना फार आवडली.) गुलाबी पोशाख, अखंड बडबड, पेशा चोराचा. कुलपे उघडणे, सापळे ओळखणे, खिसे चाचपणे. चपळाई अठरा, आणि बुद्धी सतरा. नियम ध्यानात असलेल्या खेळाडूला हा सतराचा आकडा पाहताच कळते की खेळकर्त्यांनी एक दार किलकिले ठेवले आहे. इमोएन मांत्रिक होऊ शकते.

भाच्याने तो जुना खेळ २०१२ च्या सुधारित आवृत्तीत मिळवला आणि आम्ही तेही करून पाहिले. इमोएन सहाव्या पायरीवर असताना तिचा पेशा बदलला. तत्क्षणी तिच्या हातून कुलूप उघडेना. सहा पायऱ्या चढलेली ती पोर पहिल्या पायरीवरच्या मांत्रिकाचा एक फुसका मंत्र घेऊन उभी. जुने कसब जागे व्हायचे तर मांत्रिकाची सातवी पायरी गाठली पाहिजे, आणि त्यासाठी अनुभवाचे गुण लागतात साठ हजार. चोर म्हणून सहाव्या पायरीपर्यंत येताना तिने वीस हजार मिळवले होते. मधल्या काळात काय होते? बंद पेट्या बंदच राहतात. वाटेतले सापळे दुसऱ्या कोणीतरी अंगावर घ्यायचे. लढाई लागली की तिला मागे उभी करायची आणि चिलखतवाल्यांनी पुढे व्हायचे. ती धड चोर नाही, धड मांत्रिक नाही. टोळीला तिचा उपयोग नाही असे वाटावे, आणि तरी मिळालेल्या अनुभवातला तिचा वाटा तिला द्यायचा. आमच्या पाच-सहा रात्री यात गेल्या. भाच्याने दोनदा म्हटले, "बोअर होतंय, मामा." पण सोडले नाही. एका रात्री सातवी पायरी आली आणि मागच्या आठवड्यात सोडून दिलेल्या पेटीपाशी तो तिला मुद्दाम पुन्हा घेऊन गेला. पेटी उघडली. आत काय होते ते महत्त्वाचे नाही. एक जुनी अंगठी आणि थोडी चिल्लर होती.

दुसऱ्या खेळाची गोष्ट आणखी वेगळी. पहिल्या भागात आपण इमोएनला चोरच ठेवले असले, तरी दुसऱ्याच्या आरंभी ती भेटते ती मांत्रिक होऊनच. चोराची सातवी पायरी मागे टाकून तिने आपल्या मनाने नवी विद्या धरलेली असते. आपण बदलले नाही, म्हणून ती थांबली नाही. आणि या विद्येची किंमत तिला लगेच मोजावी लागते. अथकाटला शहरात परवान्यावाचून मंत्र चालवणे गुन्हा आहे. ज्याने तिचे हाल केले त्या खलपुरुषावर ती भर रस्त्यात मंत्र सोडते, आणि राखणदार येऊन खलपुरुषाबरोबर तिलाही धरून नेतात. नुसती चोर राहिली असती तर वाचली असती. पुढचा कितीतरी भाग आपण तिला सोडवण्यासाठी पैसे गोळा करीत हिंडतो.

गेंटच्या सापळ्याने ही मधली वर्षे काढून टाकली. खेळ म्हणून ते योग्यच झाले असेल. दिवसभर काम करून आलेल्या माणसाला रात्री पुन्हा उमेदवारी कोण करायला लावील? पण मला विचाराल तर गायगॅक्सचा नियम अधिक खरा. जपानातही अशीच एक जुनी कल्पना आहे. १९८८ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट ३' या खेळात पेशा बदलण्याचे एक मंदिर आहे. विसाव्या पायरीच्या आधी तेथे कोणाची डाळ शिजत नाही, आणि बदलल्यावर माणूस पहिल्या पायरीवर येतो, त्याचे सगळे गुण निम्मे होतात. शिकलेले मंत्र तेवढे राहतात. त्या खेळात सर्वश्रेष्ठ पेशा ज्ञानी पुरुषाचा. त्यासाठी एक दुर्मिळ ग्रंथ मिळवावा लागतो. फक्त एकाच पेशाच्या सोबत्याला ग्रंथाची गरज नाही, आणि तो म्हणजे उनाड. लढाईच्या ऐन भरात जो थट्टामस्करी करीत बसतो, ज्याचा कोणाला काडीचा उपयोग नाही, त्याला वीस पायऱ्या नुसते बरोबर वागवले, तर तो सरळ ज्ञानी होतो. वाल्या कोळ्याची गोष्ट ज्या देशात आहे तेथील माणसाला याचे नवल वाटू नये. मात्र वीस पायऱ्या त्याला वागवायचे कोणी, हा प्रश्न तेथेही उरतो.

हाच प्रश्न परवा ताईने फोनवर विचारला. तिची भाषा वेगळी होती. "पुन्हा तीन वर्षे फी, खोलीत पंखा, डबा, आणि वर लोकांची तोंडे. तोवर तो ना इंजिनिअर, ना आणखी काही. आम्ही काय करायचे?"

मी म्हटले, "जे आतापर्यंत करता आहात तेच. थोडे पुढे उभे राहायचे."

"आणि झालेली दोन वर्षे? ती तर पाण्यातच गेली ना? अरे, दोन वर्षांत शिकला ते सगळे फुकट?"

"फुकट नाही, ताई. काही दिवस झोपून राहील, मग जागे होईल. पुढे वाढणार नाही, हे मात्र खरे. इमोएनचे अगदी असेच झाले. पण शेवटी कुलूप तिनेच उघडले."

पलीकडे क्षणभर शांतता. मग ताईचा आवाज एकदम खाली आला.

"ही इमोएन कोण? त्याच्या कॉलेजातली का? आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"